जुन्या चेंडूंचं खोकं ठेवण्याआधी

सोसायटीत किंवा जिमखान्यात जुने चेंडू गोळा करायचे असतील, तर खोकं सगळ्यात शेवटी ठेवा. चेंडू पुढे कुठे जाणार हे आधी पक्कं करा. नाहीतर वॉचमनच्या केबिनमागे पोतं साठतं आणि पहिल्या पावसानंतर घंटागाडीत जातं.

टेनिसचा चेंडू भंगारवाला सहसा घेत नाही. आतलं रबर गंधक घालून पक्कं केलेलं असतं. ते प्लास्टिकसारखं वितळत नाही, फक्त दळून भुगा करता येतो. त्यावर चिकटवलेली लोकर-नायलॉनची लव भुग्यात मिसळली की भुग्याची प्रत उतरते. अमेरिकेतल्या रीसायकलबॉल्स या संस्थेने ही लव वेगळी काढणारं यंत्र बसवलं, तेव्हा कुठे तो भुगा टेनिस कोर्टच्या थरात वापरता आला. म्हणून टायरचा भुगा करणाऱ्या जवळच्या कारखान्याला एकच प्रश्न विचारा: लवेसकट चेंडू चालतील का? नाही म्हणाले तर वापरात आणता येतील तेवढेच गोळा करा.

४० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या खोक्यात साधारण २०० चेंडू मावतात, वजन साडेअकरा किलोच्या आसपास. खोकं छताखाली हवं. लव पाणी धरून ठेवते आणि जून ते सप्टेंबरात बुरशी हमखास येते.

निवड करताना चेंडू दोन मीटरवरून सिमेंटवर सोडा. नवा चेंडू एक मीटरच्या थोडा वर उसळतो. लव शाबूत आणि उसळी जरा कमी असेल तर तो शिकाऊ मुलांच्या टोपलीत. टक्कल पडलेला पण न चिरलेला गल्ली क्रिकेटला. अगदी मेलेला, म्हणजे उसळतच नाही असा, शाळेच्या खुर्चीच्या पायाखाली बसवायला: चेंडू शिकंज्यात धरून अडीच सेंटिमीटरच्या दोन फुली चिरा द्या. हातात धरून कटर चालवू नका, चेंडू फिरतो आणि पातं बोटावर येतं. कुत्र्यांना मात्र देऊ नका. लवेत अडकलेल्या मातीने त्यांचे दात झिजतात.

लेदरचे चेंडू वेगळ्या पिशवीत. आत बूच आणि सुतळी असते, रबराच्या कारखान्याला ते नकोच असतात. पण मऊ पडलेला, शिवण न उसवलेला चेंडू मोज्यात टांगला की नवी बॅट ठोकून तयार करायला एकदम नामी. नवा कडक चेंडू तिथे बॅटलाच खड्डे पाडतो.

फुटबॉलच्या बाबतीत घाई फार होते. हवा टिकत नाही म्हणून टाकलेल्यांपैकी काहींचा फक्त व्हॉल्व्ह कोरडा पडलेला असतो. त्यावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे तिथेच आले तर पंपाच्या सुईला ग्लिसरीनचा थेंब लावून दोन-तीनदा आत-बाहेर करा. व्हॉल्व्ह ठीक असेल तर गळती ब्लॅडरची, म्हणजे आतल्या हवेच्या पिशवीची. हाताने शिवलेल्या चेंडूची एक शिवण उसवून मोची ब्लॅडर बदलू शकतो. चिकटवून जोडलेल्या चेंडूला हा उपाय नाही, आणि त्याचे थरही वेगळे होत नाहीत. असे चेंडू खोक्यात घेऊच नका.