माझी मते कोणत्या धर्माची?

बाबांच्या दहाव्याला आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेवर गेलो होतो. बाबांना मी एकटीच मुलगी असल्यामुळे आणि गुरुजींनी काहीही आढेवेढे न घेता होकार दिल्यामुळे सर्व विधी मीच करत होते. पिंड मांडून झाल्यावर आम्ही सारे मागे सरून उभे राहिलो. कावळे भोवतीच्या कठड्यांवर होते, पण एकही खाली उतरेना. दहा मिनिटे गेली, वीस मिनिटे गेली, आणि मग काका माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बाळा, त्याचा जीव वहिनींत अडकला असेल. आईला मी सांभाळीन, असं सांग त्याला."

मरणानंतर माणसाचे काही उरते असे मी विसाव्या वर्षापासून मानलेले नाही, आणि कावळ्याच्या चोचीतून कोणी संमती देते असे तर कधीच मानले नव्हते. तरीही मी पुढे झाले, हात जोडले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाबा, आईला मी सांभाळीन, तुम्ही काळजी करू नका." त्यानंतर काही वेळाने कावळा शिवला. ती दोन वाक्ये बोलताना माझा आवाज ज्या तऱ्हेने कापला, तसा तो देवळात किंवा प्रार्थनेत कधीही कापलेला नाही.

पुढचे काही आठवडे मला एका प्रश्नाने झोपू दिले नाही. मी जे केले ते खोटे होते का? आणि खोटे नसेल, तर मी ज्याला माझी मते म्हणते त्यांचे काय? अशाच एका रात्री मला इंटरनेटवर एक चाचणी सापडली. वीसेक प्रश्नांची उत्तरे दिली की आपल्या श्रद्धा जगातल्या कोणत्या धर्माशी अधिकात अधिक जुळतात, हे ती टक्केवारीने सांगते. ईश्वर एक आहे, अनेक आहेत, निराकार आहे की नाहीच. विश्व कसे निर्माण झाले. दुःख का आहे. मृत्यूनंतर काय होते. मोक्षासाठी काय करावे लागते. आणि प्रत्येक उत्तरापुढे तो प्रश्न तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो हेही नोंदवायचे. मी ती चाचणी अतिशय प्रामाणिकपणे सोडवली. मृत्यूच्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ थांबले, आणि अखेर "काहीही उरत नाही" याच उत्तरावर खूण केली.

निकालात पहिल्या क्रमांकावर युनिटेरियन युनिव्हर्सलिझम होता, म्हणजे एकेश्वरवादी ख्रिस्ती पंथातून निघालेला आणि ठरावीक मतांची सक्ती न करणारा उदार धर्म. दुसऱ्यावर थेरवाद, ही बौद्ध धर्माची जुनी शाखा, त्यानंतर मानवतावाद आणि उदारमतवादी क्वेकर हा शांततावादी ख्रिस्ती पंथ. ज्या धर्मात मी जन्मले आणि ज्याचे विधी नुकतेच केले होते, तो बराच खाली होता.

युनिटेरियन हे नाव मला अगदीच अनोळखी नव्हते, आणि त्याला कारण गिरगाव. आमच्या घराजवळच्या बसथांब्याचे नाव 'प्रार्थना समाज'. बाबा तीसएक वर्षे कामावरून येताना तिथे उतरत आले, आणि लहानपणी मला ते एखाद्या चौकाचे नाव असावे तसेच वाटे. पुढे कॉलेजात कळले की 31 मार्च 1867 रोजी मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेश्वरी उपासनेसाठी ही संस्था स्थापन केली, की न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर तिचे आधारस्तंभ झाले, आणि मूर्तिपूजा, अवतार व ग्रंथप्रामाण्य नाकारूनही तिच्या उपासनेत तुकोबांचे अभंग गायले जात. विठ्ठल रामजी शिंदे 1901 मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माच्या अभ्यासाला गेले, ते युनिटेरियन मंडळींच्याच साहाय्याने. म्हणजे संगणकाने मला जो दूरदेशीचा धर्म सुचवला, त्याचा मराठी सोयरा माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर दीडशे वर्षे उभा होता. त्या रात्री मला खरोखर आनंद झाला. आपण एकटे नाही, आपल्यासारखा विचार करणारी माणसे आपल्याच भाषेत, आपल्याच गल्लीत होऊन गेली, ही जाणीव फार मोठी असते.

मग मी त्या माणसांविषयी वाचू लागले, आणि वाचता वाचता त्या आनंदाला एक टोचणी लागली.

प्रार्थना समाजाच्या आधी मुंबईत परमहंस मंडळी होती. दादोबा पांडुरंग आणि त्यांचे मित्र 1849 च्या सुमारास गुप्तपणे जमत. जातिभेद खोटा आहे हे त्यांचे मत पक्के होते, आणि ते सिद्ध करण्यासाठी नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. परंतु हे सारे बंद दाराआड होते. 1860 च्या सुमारास मंडळीची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची नावे फुटणार अशी धास्ती पसरली आणि मंडळी विखुरली. त्या माणसांची मते रातोरात बदलली नव्हती, चाचणी दिली असती तर त्यांची टक्केवारी आदल्या दिवशी होती तीच दुसऱ्या दिवशीही आली असती. बदलली होती ती एकच गोष्ट, मत बाळगण्याची किंमत. रानड्यांचेही तसेच. विधवाविवाहाचा मनापासून पुरस्कार करणाऱ्या या थोर माणसाने पहिली पत्नी वारल्यावर 1873 मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. मी त्यांना नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही, कारण बाणगंगेवर मीही घरच्यांपुढे मान तुकवली होती. त्यांचे दुःख मला थोडेफार समजते असे मला वाटते.

त्याच 1873 सालच्या 24 सप्टेंबरला पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांचीही मते ईश्वराविषयी फार वेगळी नव्हती. एकच निर्मिक, त्याच्या आणि माणसाच्या मध्ये कोणी मध्यस्थ नाही. चाचणीच्या हिशेबात हे दोन्ही समाज शेजारी शेजारी बसले असते. पण सत्यशोधकांनी पुरोहिताशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली, आणि तिथे दोन्ही समाजांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ईश्वराविषयीचे विधान सारखे असूनही लग्नमंडपात कोणाला बोलवायचे, या प्रश्नाचे उत्तर निराळे होते, आणि माझ्या मते धर्म त्या दुसऱ्या उत्तरात अधिक राहतो.

माझी आजी माळकरी होती. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी, रोजचा हरिपाठ आणि हातपाय चालत होते तोवर आषाढीची वारी, हा तिचा धर्म. देव सगुण की निर्गुण असे तिला कोणी माळ घालताना विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी ज्या परंपरेत ज्ञानदेवांनीच सगुण आणि निर्गुण एकच गोविंद आहेत असे सांगून टाकले, तिथे त्या प्रश्नाला चार पर्याय कसे देणार? ती चाचणी सोडवायला बसली असती तर बहुतेक प्रश्नांवर "मला काय ठाऊक, त्याला ठाऊक" असे म्हणाली असती. तिच्या धर्माविषयी मात्र तिला किंवा आम्हाला कोणालाही कधी शंका आली नाही. धर्म म्हणजे आधी मान्य करायची विधाने आणि मग त्यांना अनुसरून आचरण, असा जो क्रम त्या प्रश्नांनी गृहीत धरला आहे तो काही परंपरांचा आहे, सर्वांचा नाही. आमच्या घरात कुळाचार आधी आले आणि त्यांची कारणे, सापडली तर, मागाहून.

दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या थेरवादाकडे मी थोडी उशिराच वळले. मराठी माणसाला या वाटेवर सर्वप्रथम धर्मानंद कोसंबी भेटतात. गोव्यातल्या साखवाळचा हा तरुण बुद्धाविषयीचा एक छोटासा लेख मुलांच्या मासिकात वाचतो, त्याने झपाटून 1899 मध्ये घर सोडतो, पुणे आणि काशी करत नेपाळपर्यंत पोहोचतो, तिथला धर्म पाहून निराश होतो आणि 1902 मध्ये श्रीलंकेत श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित भिक्खू, होतो. त्यांची मते बुद्धाशी जुळली हे खरे, पण घरी मागे राहिलेल्या पत्नी बाळाबाई आणि लहानगी मुलगी यांचा विचार मनात आल्याशिवाय मला त्यांचे चरित्र वाचता येत नाही.

माझ्या मनातला प्रश्नच ज्यांनी उलटा केला ते मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. मॅट्रिक झाल्यावर केळूसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते, तिथपासून मोजले तर जवळजवळ अर्धशतक. या काळात त्यांनी धर्माला लावलेल्या कसोट्या 1950 मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकातील लेखात स्पष्ट मांडल्या: धर्माचा गाभा नीती असली पाहिजे, धर्म विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, त्याने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मान्य केली पाहिजे, आणि त्याने दारिद्र्याचे उदात्तीकरण करता कामा नये.

हे वाचताना मी अक्षरशः थांबले. माझ्या चाचणीत सारे प्रश्न मला विचारलेले होते. मला काय पटते, मला काय महत्त्वाचे वाटते, आणि मग माझ्या मापाचा धर्म कोणता. बाबासाहेबांच्या चारही कसोट्या धर्माला विचारलेल्या आहेत. हा धर्म माणसाला काय देतो, कोणाला पायरीवर उभे करतो आणि कोणाला आत घेतो? आणि त्यांनी तो स्वतःपुरता निवडला नाही, लाखो माणसांना बरोबर घेऊन निवडला. दीक्षेनंतर अवघ्या 53 दिवसांनी ते गेले. आज देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक महाराष्ट्रात आहेत, 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 65 लाख. त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी थेरवादाच्या तत्त्वज्ञानाशी आपली मते ताडून पाहिली असतील. त्यांनी माणूस म्हणून उभे राहण्याची जागा निवडली, आणि या निवडीसमोर माझी टक्केवारी मला फार लहान वाटली.

माझ्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचे वडील माझ्या बाबांच्या आधी वर्षभर गेले होते. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला बाणगंगेवरची हकीकत सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आमच्यात पिंडदान नाही. दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावीच ती आहे. आम्ही पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा बौद्ध विधी, केलं, भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, माणसं बाबांबद्दल बोलली." मी विचारले, "कठीण गेलं का?" तो म्हणाला, "आजोबांना कठीण गेलं असेल. त्यांनी पहिल्यांदा बंद केलं."

मला हवे होते ते उत्तर या शेवटच्या वाक्यात होते. कोणीतरी पहिल्यांदा बंद करते, ते करताना त्याचे हात थरथरतात, आणि पुढच्या पिढीला तो धर्म सहज मिळतो. मला मात्र आजपर्यंत काहीच बंद करावे लागले नव्हते. माझी मते विसाव्या वर्षापासून सुखरूप होती, कारण ती कोणाच्या ताटात किंवा मांडवात कधी उतरलीच नव्हती. म्हणूनच युनिटेरियनही मी होऊ शकत होते आणि बौद्धही, नुसत्या एका खुणेने.

बाणगंगेवर मी खोटे बोलले का, या प्रश्नाकडे मी त्यानंतर नव्याने पाहिले. मंत्र मी म्हटले, त्यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आणि ते मला आजही सलते. वचन मात्र खरे होते. ते मी कोणाला दिले याविषयी माझे मत काहीही असो, ऐकायला काका होते, आई होती आणि मी स्वतः होते. त्या वचनानंतर मी पुण्यातली नोकरी बदलून गिरगावात परत आले. माझ्या आयुष्यात एखाद्या विधीमुळे घडलेली ही एकमेव मोठी गोष्ट आहे, आणि कोणत्याही चाचणीत तिच्यासाठी रकाना नाही.

वर्षश्राद्धाच्या महिनाभर आधी मी आईला सांगितले की या वेळी मी पिंड करणार नाही. तिला वाईट वाटले, आणि तिला वाईट वाटणे हा त्या निर्णयाचा भागच आहे हे मला ठाऊक होते. दोन दिवस ती फारसे बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुला पटत नाही तर तू करू नकोस. मला पटतं ते मी करीन." वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी आम्ही बाबांच्या फोटोसमोर बसून त्यांना आवडणारे तुकोबांचे अभंग म्हटले, काका आणि शेजारची चार माणसे बाबांविषयी बोलली, आणि हा भाग मी ठरवला तसा झाला. त्यानंतर आईने केळीच्या पानावर दहीभाताचा घास घेतला, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली. कावळा लवकर येईना. मी हातातले काम ठेवले आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.