रस्ता संपतो तिथून वर

अच्योनीला डांबर संपतं. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या राजधानीहून, पारामारिबोहून, तीन-साडेतीन तास धावलेली मिनीबस नदीच्या उतारावर येऊन थांबते. तिथून पुढे सुरिनाम नदी हाच रस्ता. धक्क्यावर थेट एसटी स्टँडची गर्दी: पेट्रोलचे कॅन, सिमेंटच्या गोण्या, गोठवलेल्या कोंबडीचे खोके, गणवेशातली पोरं, कुणाची तरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गादी. सगळं कोरयालमध्ये चढत होतं. कोरयाल म्हणजे झाडाचं खोड कोरून, वर फळ्या ठोकून केलेली लांब निमुळती होडी. मागे यामाहाचं इंजिन.

मी राहते नेदरलँड्समध्ये, डेन हागला, म्हणजे आपल्या द हेगला. तिथे माझा भाजीवाला सुरिनामी, शेजारीणही सुरिनामी. दोघांचेही पूर्वज 1873 नंतर बिहार-उत्तर प्रदेशाकडून सुरिनामच्या, म्हणजे तेव्हाच्या डच वसाहतीतल्या, उसाच्या मळ्यांवर नेलेले. त्यांच्या देशात जाते म्हटल्यावर दोघांनी पारामारिबोतल्या खाण्याच्या जागा लिहून दिल्या. नदीच्या वरच्या गावांचं विचारलं, तर शेजारीण म्हणाली, "तिकडे काय आहे? जंगल!"

त्या जंगलात सामाका राहतात. मळ्यांवरून पळालेल्या आफ्रिकी गुलामांचे हे वंशज. रानात शिरून ते इतकं चिवट लढले की 1762 मध्ये डचांनाच त्यांच्याशी तह करावा लागला. सुरिनाममधली गुलामगिरी कायद्याने संपली 1863 मध्ये. म्हणजे सरकारने मोकळं करायच्या एकशे एक वर्षं आधीच हे लोक मोकळे झाले होते.

होडीत मागे इंजिनवाला, पुढे काठीवाला. मला वाटलं, काठीवाला म्हणजे मदतनीस. पहिल्या सुलाजवळ आलो तेव्हा कळलं की खरा मालक तोच. सुला म्हणजे खडकांमधून उसळत येणारा पाण्याचा पट्टा. काठीवाला नुसता हात हलवायचा आणि होडी दोन खडकांच्या फटीतून सुईत दोरा ओवावा तशी निघायची. 2024 च्या दुष्काळात नदी इतकी आटली होती की उतारूंना उतरून होडी ओढावी लागायची, असं तो सांगत होता. आम्हाला पाणी भरपूर मिळालं, वरूनही. ताडपत्री माझ्या बॅगेपर्यंत पोचलीच नाही.

आम्ही पिकिन स्लेला उतरलो. गावाच्या वाटेवर ताडाच्या झावळ्यांची झालर टांगलेली असते, तिच्याखालून वाकून आत जायचं. वाईट ते बाहेर राहतं. पूर्वजांच्या देवळीचा फोटो काढायचा नाही, आणि माणसांचाही विचारल्याशिवाय नाही. मोबाइल खिशात गेल्यावर मी जरा बरी वागू लागले असावे, कारण संध्याकाळपर्यंत बायकांनी मला चुलीजवळ बसवून घेतलं.

ज्यांच्याकडे उतरले त्या साठीच्या बाई. मी त्यांना मावशीच म्हणत होते. मध्ये दुभाषा म्हणून त्यांचा भाचा, कारण त्याला डच येत होतं. इथे कूळ आईकडून चालतं, त्यामुळे भाच्याचा मान मोठा. पुरुषाने बायकोला घर बांधून द्यायचं, होडी कोरून द्यायची, शेतासाठी रान तोडून द्यायचं. पुढचं शेत बाईचं. आमच्या सह्याद्रीतल्या कुमरी शेतीसारखंच: तोडायचं, जाळायचं, पेरायचं, दोन-तीन वर्षांनी जागा सोडायची.

मुख्य पिकं दोन, कसावा आणि भात. कडू कसाव्यात विष असतं. म्हणून तो किसून मातापीत भरतात. मातापी म्हणजे वेताची विणलेली, माणसापेक्षा उंच नळी. ती टांगून खालून ताणली की आवळत जाते आणि विषारी रस गळतो. उरलेल्या चोथ्याची तव्यावर हातभर रुंद भाकरी. मी भाच्याला म्हटलं, आमच्याकडे उपास असला की याच कंदाचे दाणे भिजवून, शेंगदाण्याचं कूट घालून खातात. त्याने भाषांतर केलं. मावशींना शेंगदाणे पटले, उपास पटला नाही. पोट भरून खायचं तर उपास कसला?

भाताची गोष्ट मात्र त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. पांझा नावाची एक बाई मळ्यावरून पळाली, तेव्हा केसांत भाताचे दाणे लपवून आणले. सामाकांचा तांदूळ तिथून सुरू झाला. बोलताना त्यांचा हात आपसूक स्वतःच्या वेण्यांकडे गेला.

मावशींच्या घरात एका भिंतीला ॲल्युमिनियमची पातेली रचलेली होती, वाळूने घासून आरशासारखी केलेली. प्रत्येक घरात अशीच. ती बाईची श्रीमंती. आणि याच ॲल्युमिनियमसाठी यांची नदी अडवली गेली. अफोबाका धरणाची दारं 1964 मध्ये बंद झाली. वीज हवी होती अमेरिकी कंपनीच्या पारानामच्या कारखान्याला. सुमारे सहा हजार सामाकांना गावं सोडावी लागली. गान्झेसारखं मोठं गाव पाण्याखाली गेलं. पारानामची भट्टी 1999 मध्ये थंड झाली, तलाव तसाच आहे. वरच्या गावांत वर्षानुवर्षं डिझेलचं जनरेटर, तेही संध्याकाळचे काही तास. तेल संपलं की अंधार.

हे ऐकताना मी आजीकडे पोचले होते. तिचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. कोयनेचं धरणही 1964 मध्येच पुरं झालं. वीज मुंबईला पोचली. आजीच्या नव्या घरात मात्र कितीतरी वर्षं कंदीलच होता. "धरण उशाला आणि कोरड घशाला," ती म्हणायची. भाच्याला या म्हणीचं डच करून दिलं, त्याने सामाकात केलं. चुलीभोवती हशा पिकला. दोनदा भाषांतर होऊन टिकलेली ही एकच मराठी ओळ मला माहीत आहे.

यांचं पुढे काय, हा प्रश्न मी विचारला नव्हता. तो भाच्यानेच काढला. प्राथमिक शाळेनंतर पोरांना नदीने खाली अच्योनीला किंवा शहरात जावं लागतं. पुरुष सोन्याच्या खाणींवर जातात, पैसा आणतात. त्या सोन्यासाठी वापरलेला पारा नद्यांत, मग माशांत उतरतो. पर्यटक येतात, पण आमच्यासारखे, दोन रात्रींचे. गावातल्या लाकूडकाम करणाऱ्यांनी स्वतःचं एक संग्रहालय उभं केलंय. तिथल्या कोरलेल्या कलाबाशी, म्हणजे वाळवलेल्या फळांची भांडी, आणि वल्ही पाहून पुण्यामुंबईचे डिझायनर लाजतील. पण त्यावर किती घरं चालणार?

भाच्याला रस्ता हवा. आजारी माणूस होडीतून नेताना काय होतं ते त्याने पाहिलंय. मावशींना नको. रस्त्याने आधी लाकडाचे ट्रक येतात, त्या म्हणाल्या. ही भीती हवेतली नाही. 1990 च्या दशकात सरकारने सामाकांना न विचारता त्यांचं जंगल लाकूड कंपन्यांना दिलं. सामाका लढत लढत आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि 28 नोव्हेंबर 2007 ला जिंकले. त्यांना विचारल्याशिवाय जमिनीला हात लावायचा नाही, असा निकाल. तो कागदावरून रानात अजून पुरता उतरलेला नाही, पण तो असल्याचं गावातल्या पोरांनाही माहीत आहे. मला मनातून वाटत होतं, रस्ता नकोच, किती सुंदर आहे! मग आठवलं की मला परवा विमानतळावर जायचंय. गप्प बसले.

निघायच्या सकाळी नदीवर गलका. खालून आलेल्या कोरयालमधून चार जण एक नवाकोरा फ्रिज उतरवत होते, वरातीसारखी पोरं मागे. फ्रिज मावशींच्या बहिणीचा, खाणीवरच्या मुलाने पाठवलेला. मी भाच्याला विचारलं, जनरेटर तर रात्री काही तासच चालतं, मग?

त्याने बहिणीला विचारलं. तिने फ्रिजचं दार उघडून दाखवलं, रबर दाबून पाहिलं, आणि म्हणाली, करंट येईल तेव्हा येईल, तोवर यात तांदूळ ठेवीन. उंदीर लागणार नाहीत.