रथाच्या दिवशी आजींचा पंखा

वर्षभर माझं काम लाईट आणायचं. ऋषिपंचमीला मात्र ती घालवायची, आणि गावातला एकही माणूस त्याबद्दल तक्रार करत नाही. मी तासगावात वायरमन आहे.

आमचा तासगावचा गणपती दीड दिवसाचा. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या मंदिरापासून भाद्रपद शुद्ध पंचमीला दुपारी लाकडी रथ निघतो. रथ तीन मजली, नारळाची तोरणं आणि केळीचे खुंट लावून सजवलेला. जाड दोर धरून माणसं तो काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत ओढत नेतात आणि परत आणतात. त्याच दिवशी बायका बैलाच्या श्रमाचं अन्न खात नाहीत, आणि आमच्या गावात त्याच दिवशी बैलाशिवाय एवढा मोठा रथ चालतो. मला हे फार आवडतं.

आता कामाचं. रस्ता ओलांडणारी घरगुती लाईन नियमाप्रमाणे जमिनीपासून निदान 5.8 मीटर, म्हणजे 19 फूट वर पाहिजे. रथ त्याहून उंच. त्यामुळे सकाळीच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतून, पुरवठा बंद करायचा, तिथले किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून स्वतःजवळ ठेवायचे आणि वाटेत आडव्या येणाऱ्या सर्व्हिस वायरी, म्हणजे पोलावरून घरात जाणाऱ्या तारा, एकेक करून सोडायच्या. रथ परत आला की सगळं पुन्हा जोडायचं.

मी याच रस्त्यालगतच्या एका बोळात वाढलो. आमच्या लहानपणी रथाच्या आदल्या दिवशी आई दळण आणून ठेवायची, पिंप भरून घ्यायची आणि आम्हा भावंडांच्या कपड्यांना इस्त्री करून टाकायची. सकाळी बोर्डाची माणसं शिडी घेऊन आली की आम्ही पोरं त्यांच्या मागे. खाली पडलेले वायरीचे तुकडे आणि फुटलेल्या चिनी मातीच्या चिमण्या (पोलावर तार धरणारे इन्सुलेटर) गोळा करायच्या, आणि त्यावरून भांडायचं. रथावरून उधळलेले पेढे झेलायला शर्टाचा ओचा करून उभं राहायचं. शर्ट गुलालानं असा माखायचा की इस्त्री कुठे गेली ते कळायचं नाही. शिडीवरचा माणूस रथाच्या कळसाच्या जवळ असतो, याचा मला भारी हेवा वाटायचा. आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतला तेव्हा घरच्यांना कारण सांगता आलं नाही, पण कारण तेच होतं.

पुढे 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं आली. आमची दहावी त्यातच गेली. वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेलं असायचं आणि अख्खं घर त्यावर चालायचं. संध्याकाळी लाईट गेली की बोळातली सगळी माणसं ओट्यावर. म्हातारी माणसं पावसाचं आणि द्राक्षाच्या छाटणीचं बोलायची, आमच्या भेंड्या चालायच्या, कुणीतरी कंदिलाच्या काचेवर हात भाजून घ्यायचं. कुणाच्या घरात किती खोल्या, कुणाचं परसदार कुठल्या बोळात उघडतं, कुणाच्या भिंतीवरून उडी मारली की कुठे पोचतो, हे सगळं मला त्या अंधारात पाठ झालं. लाईट आली की गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ‘आलीऽऽ’ अशी आरोळी जायची. तो आनंद रोज मिळायचा, आणि रोज नवा असायचा.

वायरमन झाल्यावर एका ऋषिपंचमीला आम्ही वेळेवर निघालो होतो. डीपी बंद, किटकॅट माझ्या पिशवीत. एका घराच्या भिंतीवरून जाणारी सर्व्हिस वायर सोडायची होती. तिथे एक आजी एकट्या राहतात. न विचारता कुणाच्या भिंतीला शिडी लावायची नाही ही माझी पद्धत, म्हणून आत गेलो. माझा जोडीदार दोन घरं पुढे पोलाला शिडी लावत होता.

आजी चुलीपुढे ऋषीची भाजी शिजवत बसल्या होत्या. भोपळा, भेंडी, अळू, मक्याची कणसं, सगळं एका पातेल्यात. मला बघून म्हणाल्या, “कुणाचा रं तू?” मी वडलांचं आणि आजोबांचं नाव सांगितलं. “अगं बाई, मागल्या बोळातला व्हय! बस की. उपासाचं खातोस का?”

मी म्हटलं, “आजी, वायर सोडायची आहे. रथ जाईस्तोवर लाईट नसणार.”

“माझी हाय की,” आजी म्हणाल्या. “साऱ्या गावाची गेली, माझी न्हाई गेली. गणपतीनं ठेवली बघ.”

मी वर पाहिलं. पंखा फिरत होता. हळू, पाती मोजता येतील इतका हळू, पण फिरत होता. देव्हाऱ्यातला बल्बही पिवळट पेटलेला होता.

माझ्या पायातली ताकद गेली. किटकॅट माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, आणि या घरात करंट! मी धावत बाहेर आलो आणि जोडीदाराला ओरडलो, “हात लावू नको! खाली उतर!” तो अर्ध्या शिडीवर होता, तसाच उतरला. मग मी वर जाऊन टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

बंद केलेल्या लाईनीत करंट येतो तो बहुतेक वेळा जनरेटरचा किंवा इन्व्हर्टरचा. दुकानात जनरेटर लावताना मध्ये चेंजओव्हर स्विच पाहिजे, म्हणजे एकतर बोर्डाची लाईट नाहीतर जनरेटर, दोन्ही एकत्र कधीच नाही. तो नसेल तर जनरेटरचा करंट मीटरमधून उलटा बाहेर येतो आणि मेलेली म्हणून धरलेली तार जिवंत असते. किटकॅट जागेवर असते तर हाच करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटा शिरून पलीकडे 11 हजार व्होल्टच्या लाईनीवर गेला असता. देशभर वायरमन असे गेले आहेत. म्हणून नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो, डीपी स्वतःच्या हातानं बंद केला असला तरी टेस्टर लावल्याशिवाय तारेला बोट लावायचं नाही, आणि टेस्ट झाली की तारा शॉर्ट करून अर्थिंग केल्याशिवाय, म्हणजे तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडल्याशिवाय, काम सुरू करायचं नाही.

आता जनरेटर शोधायचा कुठे? रस्त्यावर ढोल-ताशे, झांजा आणि मोरयाचा गजर. शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी परत आजींकडे गेलो. म्हटलं, “आजी, सकाळपासून मागनं कसला आवाज येतोय का?”

“येतोय की. पिठाच्या गिरणीवाणी. न्हाणीघरात गेलं की जास्तीचा येतो.”

आजींच्या न्हाणीघराची भिंत कुठल्या बोळाला लागते ते मला पाठ होतं. भेंड्या सोडून आम्ही लपाछपी तिथेच खेळायचो. मी परसदारानं निघालो, तिसऱ्या वळणावर एका दुकानाच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली जनरेटर चालू. दुकानदार चांगला माणूस आहे. रथाच्या गर्दीला थंड पाणी आणि सरबत फुकट वाटायचं म्हणून त्यानं फ्रीज चालू ठेवला होता. दोन वायरी थेट दुकानाच्या स्विचबोर्डात खोचलेल्या. त्याला करंटचा रस्ता समजावून सांगितला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानं जनरेटर बंद केला आणि मेन स्विच पाडला. सरबताची पिंपं आम्ही सगळ्यांनी मिळून बर्फात ठेवली.

पुन्हा टेस्ट केली. तार थंड. मग शॉर्ट करून, अर्थिंग करून जोडीदार चढला.

आजींना सांगायला गेलो तर त्यांचा पंखा थांबलेला. त्या म्हणाल्या, “गेली बघ आत्ता. गणपती रथात बसला असंल.” मी जनरेटरचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग त्यो पंखा फिरला नसता तर तुला कळलं असतं का?”

टेस्टरनं कळलंच असतं. तसं मी म्हणालोही. आजींनी माझ्यापुढे भाजीची वाटी सरकवली.

रथ त्या वर्षी ठरल्या वेळी निघाला. मी काशीविश्वेश्वराच्या बाजूच्या पोलाजवळ शिडीवर होतो. मागे मंदिराचं सात मजली गोपुर, पुढे दोराला लागलेली हजारो माणसं, हवेत गुलाल. रथ समोर आला तेव्हा कळसाची तोरणं माझ्या डोळ्यांच्या रेषेत होती. खालून शाळेतल्या एका मित्रानं ओळखलं, “वायरमन, झेल!” म्हणून पेढा फेकला. मी झेलला, आणि खालच्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या.

दुकानदारानं पुढच्याच आठवड्यात चेंजओव्हर स्विच बसवून घेतला, मला बोलावून दाखवला. आता रथाच्या आधी आम्ही त्या वाटेवरच्या प्रत्येक जनरेटरवाल्याकडे जाऊन येतो आणि उघडून बघतो. त्या फेरीत आजींच्या घरीही जातो. तिथे तपासायचं काही नसतं. चहा असतो.