जीआरईचे शब्द, मराठीच्या आधाराने

जीआरई, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठीची प्रवेशपरीक्षा, द्यायची ठरल्यावर पुण्यातल्या प्रत्येक सिनियरने मला एकच सांगितलं: आधी शब्द पाठ कर. दहावीपर्यंत माझं माध्यम मराठी. इंजिनिअरिंगची इंग्रजी पुस्तकं मी सहज वाचत होते, पण तिथल्या वाक्यांत कुणी रुसत नाही, कुणी कुणाची खुशामत करत नाही. जीआरईचे शब्द नेमके या माणसांच्या जगातले असतात.

पाठांतर करायला माझी ना नव्हती. पण परीक्षेचं स्वरूप नीट वाचलं आणि वाटलं, यादी पुरणार नाही. पूर्वी या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या थेट विचारायचे. ऑगस्ट 2011 पासून ते प्रश्न गेले. आता वाक्यात गाळलेली जागा असते. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहा पर्यायांतून दोन निवडायचे, असे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हावा. एक चुकला तर गुण नाहीत. टेक्स्ट कम्प्लिशनमध्ये दोन-तीन जागा असल्या तरी तोच नियम. अर्थाचा साधारण अंदाज इथे कामाला येत नाही.

माझ्यासाठी गाठ सुटली ती फ्रूगल आणि पार्सिमोनियस या दोन शब्दांवर. माझ्याजवळच्या यादीत दोन्हींपुढे ‘काटकसरी’ लिहिलं होतं. पण आमची आजी काटकसरी होती आणि तिला चिक्कू म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, कारण ती चिक्कू नव्हतीच. काटकसरी म्हणताना कौतुक असतं, चिक्कू म्हणताना तक्रार, आणि कवडीचुंबक म्हटलं की पुढे बोलायला काही उरत नाही. फ्रूगल आणि थ्रिफ्टी आजीच्या बाजूचे. स्टिंजी, पार्सिमोनियस, मायझर्ली पलीकडचे. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, मराठीत ते आधीच माहीत होतं.

मग यादी बाजूला ठेवली आणि वही केली. एका पानावर एकच विषय. बोलण्याचं पान सगळ्यात भरलं. एलोक्वेंट म्हणजे ज्याचं बोलणं ऐकत राहावं असा, व्होल्युबल म्हणजे अखंड बोलणारा, गॅर्युलस म्हणजे बडबड्या, व्हर्बोस म्हणजे पाल्हाळिक. दुसऱ्या टोकाला लॅकॉनिक, मोजक्या शब्दांत काम उरकणारा. टॅसिटर्न, मुळातच अबोल. आणि रेटिसेंट, जो बोलतो पण मनातलं कळू देत नाही. ही शेवटची दोन माणसं आपण रोज पाहतो आणि त्यांच्यात गल्लत करत नाही. तो फरक इंग्रजी शब्दाला चिकटवला की शब्द विसरत नाही.

या कामात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने मला फार दिलं. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची, आणि आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात तो फुकट शोधता येतो. उलट्या बाजूने जायचं: मराठी शब्द टाकायचा आणि इंग्रजी अर्थ वाचायचे. इंग्रजी अर्थातच त्या काळची असल्यामुळे प्रत्येक शब्द आजच्या कोशात तपासून घ्यायचा. वेळ जातो, पण त्या वेळात शब्द मुरतो.

शब्दांच्या मूळ धातूंचाही उपयोग झाला. मॅग्नॅनिमस घ्या. लॅटिन मॅग्नस हा आपल्या ‘महा’चा नातलग, आणि ॲनिमस म्हणजे मन, ‘प्राण’ शब्दातल्या ‘अन्’शी त्याचं मूळ जुळतं. महामना! संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात, हे इंग्रज भाषापंडित विल्यम जोन्स 1786 मध्ये कलकत्त्याच्या भाषणात बोलले होते. मला ते शब्द पाठ करताना हाताशी मिळालं. मात्र नुसत्या आवाजावर विसंबू नये. एनर्व्हेट ऐकून एनर्जी आठवते, पण अर्थ गलितगात्र करणं. नॉइसमचा नॉइजशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ घाणेरडा, किळसवाणा.

अवघड शब्दांपेक्षा सोप्या शब्दांचे आडअर्थ जास्त अडवतात, असं माझं ठाम मत आहे. क्वालिफाइड प्रेझ म्हणजे पात्र माणसाची स्तुती नव्हे, हातचं राखून केलेली स्तुती. फ्लॅग म्हणजे मंदावणं. वाँटिंग म्हणजे उणा. पेडेस्ट्रियन म्हणजे सामान्य, रटाळ. यांच्यासाठी वहीत वेगळी पानं ठेवा.

उजळणीसाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाची 1970 च्या दशकात प्रसिद्ध झालेली खोक्यांची पद्धत वापरली. उत्तर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्यात. पुढचं खोकं जास्त दिवसांनी उघडायचं. अंकी हे ॲप याच तत्त्वावर चालतं, पण मला हाताने लिहिलेलं बरं वाटलं. कार्डावर शब्द न लिहिता गाळलेल्या जागेचं वाक्य लिहायचं, एवढा बदल मी केला.

ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या, पॉवरप्रेप नावाच्या दोन फुकट सराव परीक्षा शेवटासाठी राखल्या. तिथे एक सवय पक्की केली: पर्याय हाताने झाकायचे, वाक्य वाचायचं, रिकाम्या जागी आधी मराठी शब्द घालायचा आणि मग त्याच्या जोडीचा शोधायचा. सप्टेंबर 2023 पासून व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या भागाचे, 27 प्रश्न 41 मिनिटांत सोडवावे लागतात, त्यातले जवळपास निम्मे उताऱ्यांचे. म्हणून गाळलेल्या जागांवर वेळ वाचवणं भाग असतं, आणि या सवयीने तो वाचला. चकवणारा पर्याय डोळ्यांपुढे नसला की मन भरकटत नाही.

परीक्षेत सुरुवातीलाच तीस मिनिटांचा निबंध असतो. तिथे मी जड शब्द मुद्दाम वापरले नाहीत. ते ओळखायला शिकले होते, मिरवायला नाही. शेवटी स्क्रीनवर व्हर्बलचा आकडा आला, तो मला हव्या असलेल्या विद्यापीठांना पुरेसा होता.

आता मामेबहीण तयारी करते आहे. तिने माझी वही मागितली, मी कोरी दिली. त्यांच्याकडे चिक्कू म्हणत नाहीत, चिंगूस म्हणतात. तिच्या कानातले शब्द वेगळे, तर पानंही वेगळीच हवीत. सध्या ती रागाच्या पानावर आहे: चिडचिडा म्हणजे पेट्युलंट, शीघ्रकोपी म्हणजे इरॅसिबल, संतापाने लाल झालेला म्हणजे लिव्हिड. ‘धुमसणं’पुढे तिने सीदिंग लिहिलंय, आणि ‘रुसणं’पुढची जागा अजून रिकामी आहे.