काळी पिशवी

आज पन्हाळा तालुक्यातल्या एका शाळेत मुलाखतींना गेले होते. पाळीभोवतीची शिवाशिव हा माझा पीएचडीचा विषय. प्रश्नावलीत 'मासिक पाळी' छापलेलं. आठवीतल्या पोरींनी माना खाली घातल्या. मग एकीनं हळूच विचारलं, "म्हंजे कावळा शिवतो त्येच न्हवं?" आणि हशा पिकला. तिथून गप्पा सुटल्या.

एकीचं ताट-तांब्या चार दिवस वेगळं, अंथरूण सोप्यात. लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. दुसरी कबड्डी खेळते, चढाईत तरबेज म्हणे. तालुक्याच्या मॅचला गेलीच नाही. सरांना सांगितलं, ताप आलाय. शाळेच्या संडासाला आतून कडी नाही, त्यामुळे सकाळी घेतलेला कपडा संध्याकाळी घरी जाईपर्यंत तोच.

२०१८ मध्ये अस्मिता योजना आली, झेडपी शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटीही गेला. पण कडी?

येताना रंकाळ्याजवळ एका मेडिकलमध्ये पॅड मागितले. पोरानं न विचारताच पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घातले. आणि मी, दिवसभर पोरींना "लाजायचं कशाला गं" म्हणणारी, पिशवी मुकाट पर्समध्ये कोंबून घरी आले.