गौरीच्या दिवसातले हक्कसोड

1 सप्टेंबर 2025, राजापूर

आज गौरीपूजन. कोर्ट बंद, पण ओटीवर सकाळपासून चपलांचा ढीग. चाकरमानी गावात आले की आम्हा वकिलांकडे दोन हंगाम येतात, एक मे महिन्यात आणि दुसरा गणपतीत. भाऊ-बहिणी एका छपराखाली एरवी सापडत नाहीत, त्यामुळे वारसतपास, फेरफारावरची (जमिनीच्या नोंदीतल्या नावबदलावरची) हरकत, कुलमुखत्यारपत्र, सगळं याच दिवसांत उरकायचं असतं. आणि सगळ्यात जास्त मागणी हक्कसोडपत्राला, म्हणजे वारसाने मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याच्या दस्ताला.

आज आलेल्या गृहस्थांनी तर भाषाही तयार करून आणली होती. 'स्वखुशीने, बिनमोबदला, कायमचा हक्क सोडत आहे.' तिघी बहिणी कुठे आहेत, असं विचारलं. 'त्या घरी गौरीच्या भाज्या निवडतायत. सह्या करतील, त्यांचं काही म्हणणं नाही.' मी सांगितलं, म्हणणं नाही हे त्यांच्या तोंडून ऐकायचंय, तेही एकेकीकडून, तुम्ही बाहेर बसलेले असताना. गृहस्थांना ते आवडलं नाही. दुसरा वकील गाठतील, गाठोत.

माहेरवाशीण म्हणून मुखवट्याला साडी नेसवायची आणि खऱ्या माहेरवाशिणीला परतीच्या गाडीआधी दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे न्यायचं, हे इथे कुणाला खटकत नाही. हक्कसोडपत्र स्वतः वाईट दस्त आहे असं माझं म्हणणं नाही. काही बहिणी खरोखर विचार करून सोडतात. वीस गुंठे वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन, आणि त्यावर तीस नावं, त्यात कुणाला काय मिळणार? पण महामार्गाच्या चौपदरीकरणात मोबदला आला तेव्हा ज्या घरांनी 'बहिणींना कशाला हवं' म्हटलं होतं, तीच घरं बहिणींच्या संमतीसाठी डोंबिवली-विरारला धावली. जमिनीला भाव नव्हता तोवरच सगळं प्रेम होतं, असं म्हणायचा मोह होतो. म्हणत नाही.

खरी अडचण आमच्याच घरात आहे. दोन आत्या. थोरलीचं लग्न 1989 साली, धाकटीचं 1996 साली. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना सहदायाद, म्हणजे मुलांसारखंच जन्मापासूनचं वाटेकरी, केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे एकाच आईच्या दोन मुली, आणि धाकटीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क, थोरलीला नाही. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राची दुरुस्ती येईपर्यंत अकरा वर्षं हे असंच होतं. त्याच दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातलं कलम 23 गेलं. त्याआधी राहत्या घराची वाटणी मागायचा अधिकारच मुलीला नव्हता, भावांनी ठरवलं तरच. मग वडील 2005 च्या आधी वारले असतील तर काय, यावर उलटसुलट निकाल येत राहिले. तो घोळ सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनिता शर्मा प्रकरणात मिटवला. वडील हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माने. आमचे आजोबा 1998 साली गेले, तेव्हा हा निकाल थोरल्या आत्यासाठी अक्षरशः घरचा आहे.

आजोबा कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. मोडी झरझर वाचायचे. त्यांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आहे, त्यात कुळांच्या पावत्या, खोताला, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्याला, दिलेल्या धाऱ्याच्या (साऱ्याच्या) नोंदी. खोती 1950 साली गेली, पण पावत्या टाकायच्या नाहीत हा त्यांचा दंडक. मी वकील झालो तो बहुधा या पेटीमुळेच. तिच्यात बायकांची नावं शोधायला गेलं तर फार थोडी सापडतात, आणि ती बहुतेक अंगठ्याच्या ठशांशेजारी.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी विषय काढला. घर दुरुस्त करायचंय, कर्ज काढायचं तर बँक सगळ्या नावांच्या सह्या मागते, त्यापेक्षा बहिणींची नावं कमी केलेली बरी. हक्कसोडाचा मसुदा मी करायचा. मी सरळ म्हणालो, मी करणार नाही. एकाच दस्तात मी तुमचाही मुलगा आणि आत्यांचाही भाचा. काका हसले, 'एवढं शिकवून हे उत्तर?'

थोरली आत्या पानाला चुना लावत होती. तिला काही कायदा वगैरे सांगायची वेळ आली नाही. 'सह्या मी करत नाही,' ती म्हणाली. 'नाव राहू दे. वाटणी मागणार नाही, पण नाव राहू दे. दादा, कौलं काढून पत्रे घालणार ना तू? माझ्या हिश्शाचे पैसे सांग, मी देते.' धाकटी म्हणाली, 'माझेपण धर.'

बाबा गप्प. काका लगेच हिशेबाला लागले. गवंड्याचा अंदाज कितीचा, वासे किती बदलावे लागतील. वाद झालाच, पण हक्कावर नाही, पत्र्यांवर. आत्याला कौलंच हवीत. पत्र्याखाली मे महिन्यात माणूस भाजून निघतो, आणि ज्याचा पैसा त्याचं मत, असं तिने ऐकवलं.

उद्या गौरी-गणपतीचं विसर्जन. त्याआधी कर्जाच्या अर्जावर चौघांचीही नावं घालून कच्चा खर्डा करायचा आहे. त्याला मात्र मी हो म्हटलंय.