डाव्या कमरेचा भाता आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’

‘ग्राहक उपलब्ध नाही.’ हा कुरिअरवाल्यांचा मेसेज माझ्या मोबाइलवर चार वेळा आला, आणि चारही वेळा मी घरातच शिलाई मशीनवर बसलेले होते. चुकून मागवलेल्या भात्याचे पैसे परत मिळून आता दोन महिने झाले, तरी तो मेसेज आठवला की डोकं तापतं. सोलापुरात आणखी कुणाच्या लेकराला धनुर्विद्येसाठी भाता घ्यायचा असेल, तर त्या आईबापाचे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

माझी धाकटी तेरा वर्षांची, डावखुरी. साताऱ्याच्या आदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा आदिती १७ वर्षांची होती. तो फोटो पेपरात पाहिला आणि पोरीनं हट्टच धरला. बांबूच्या धनुष्यावर वर्षभर हात बसवला, मग सरांनी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, हातात दिलं. बाण कार्बनचे आले. ते ती ट्रॅकपॅन्टच्या मागच्या खिशात खोचायची. एकदा खाली पडलेला टॅब, म्हणजे दोरी ओढताना बोटांना लावायचा तुकडा, उचलायला वाकली आणि बाणाचं टोक मांडीला लागलं. थोडंसंच खरचटलं, पण सर मला म्हणाले, “ताई, खिशातले बाण आजपासून बंद. क्विव्हर घ्या.” मैदानावर सगळे क्विव्हरच म्हणतात. आमच्या सासूबाई भाता म्हणतात, आणि मला तोच शब्द आवडतो.

नवी पेठेत दोन दुकानांत विचारलं. क्रिकेटचं होतं, बॅडमिंटनचं होतं, भाता नव्हता. म्हणून ऑनलाइन मागवला, १,३४९ रुपयांना. चूक माझीच, आधी तेच सांगते. फोटोत काळं काहीतरी आणि त्यात खोचलेले बाण दिसले, वर ‘आर्चरी क्विव्हर’ लिहिलेलं होतं, तेवढ्यावर मी बटण दाबलं. खाली बारीक अक्षरात ‘क्रॉसबो’ होतं, ते वाचलंच नाही. मागवायच्या आधी तीन गोष्टी बघा: तो धनुष्याला लावायचा आहे की कमरेला, उजव्या हाताचा आहे की डाव्या, आणि किती लांबीच्या बाणासाठी आहे.

खोक्यातून जे निघालं ते कमरेला लावायचं नव्हतंच. वर वाटीसारखी टोपी, टोपीत गच्च भरलेला फोम. खाली चार खाचांची रबरी पकड, आणि स्क्रूनं बसवायचा एक ब्रॅकेट. सरांनी हातात घेऊन समजावलं. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. त्याचे बाण आखूड, साधारण २० ते २२ इंचांचे. परदेशात शिकारी त्यांना पात्यांची टोकं लावतात. ती पाती वस्तऱ्यासारखी असतात, चालताना हात कापू नये म्हणून टोपी आणि फोम. हा भाता क्रॉसबोलाच अडकवतात, तीन-चार बाण बसतात, आणि शिकारीच्या जागेवर जाऊन बसलं की पुष्कळजण तो काढून बाजूला ठेवतात. त्यांच्या कामासाठी वस्तू चांगलीच असणार. पण माझ्या लेकीचे बाण २७ इंचांचे, आणि तिला मारायचंय ते कागदाचं लक्ष्य. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्यापासून तासाच्या आत आहे, त्यामुळे हे आम्हाला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

परत करायचं ठरवलं. मुदत सात दिवसांची.

पहिल्या दिवशी कुरिअरचा मुलगा आला. खोक्यावर इंग्रजीत ‘हंटिंग’ छापलेलं आणि बाणाचं चित्र. त्यानं बाहेर जाऊन कुणाला तरी फोन लावला, परत आला आणि म्हणाला, “मॅडम, हे शस्त्र आहे, घेता येत नाही.” मी खोकं उघडून दाखवलं, आत बाण नाही, पातं नाही, प्लास्टिक आणि फोम आहे. तो म्हणाला, “मला वरून सांगितलंय.” बरं, नाही तर नाही. पण संध्याकाळी मेसेज काय आला? ग्राहक उपलब्ध नाही.

दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी मेसेज. एप्रिलचे दिवस होते, उकाड्यानं दार सताड उघडं, मी दारासमोरच युनिफॉर्मच्या पॅन्टी शिवत होते. मी कारखान्याचं काम नगावर घरी आणते, जून तोंडावर आला की मान वर करायला फुरसत नसते. तरी प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठून बघत होते. तिसऱ्या दिवशीही तेच. तीन वेळा न्यायला येऊन माल मिळाला नाही तर परतीची विनंती आपोआप रद्द होते, हे मला विनंती रद्द झाल्यावर कळलं. पुन्हा टाकली. चौथा मेसेज आला.

मग खोकं पिशवीत घालून कुरिअरच्या शाखेत गेले. जायला-यायला रिक्षा आणि अर्धा दिवस. नगावर काम करणाऱ्या बाईचा अर्धा दिवस म्हणजे काय, हे काउंटरच्या आत बसणाऱ्याला समजत नाही. काचेला खाली अर्धगोल भोक, आत टेबल फॅन, फॅनच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पावत्यांवर टेपचं रीळ ठेवलेलं. माणसानं खोकं माझ्याकडे एका बोटानं परत सरकवलं.

“लेटर लागेल.”

“कुणाचं?”

“क्लबचं, असोसिएशनचं, कुणाचं तरी.”

दुसऱ्या दिवशी सरांचं लेटर नेलं. काउंटरवर वेगळा माणूस. तो म्हणाला, यावर शिक्का नाही. शिक्का मारून तिसऱ्या दिवशी गेले, पुन्हा पहिला माणूस. लेटर न वाचताच म्हणाला, “पोलिसांचं एनओसी आणा.” मी म्हटलं, “दादा, ही वस्तू तुम्हीच माझ्या घरी आणून दिलीत. तेव्हा कुणाचं एनओसी होतं?” त्याला उत्तर नव्हतं. मागे उभे असलेले एक काका म्हणाले, “बरोबर बोलतीय की बाई.” मी पुढे म्हटलं, “ठीक आहे. ‘शस्त्र म्हणून घेत नाही’ एवढं कागदावर लिहून सही करून द्या, मी लगेच जाते.” तो उठून आत गेला. वीस मिनिटं मी उभी होते. तो बाहेर आला नाही.

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तीन फेऱ्यांनंतर सुचली: तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. लेखी मागायचं. दिलं तर तुमच्या हातात पुरावा आला. दिलं नाही तर तारीख, वेळ आणि काय बोलणं झालं ते तिथेच, पायरीवर बसून लिहून काढायचं. मी पॅन्टीच्या मापाच्या वहीत लिहिलं.

त्या रात्री जाऊबाईंनी १९१५ नंबर सांगितला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा. दुसऱ्या दिवशी लावला, मराठीत बोलले, तक्रारीचा नंबर मिळाला. तिकडच्या मुलीनं आणखी एक सांगितलं. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, त्यानुसार प्रत्येक वेबसाइटनं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावाच लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. मी इतके दिवस कस्टमर केअरच्या त्याच त्या चॅटवर बोटं झिजवत होते. अधिकाऱ्याचा ईमेल वेबसाइटच्या अगदी तळाला होता.

थोरल्यानं मेल लिहून दिला. सोबत चारही मेसेजचे स्क्रीनशॉट, वेळेसकट. आणि समोरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण. दुकानदार काकांनी दुपारी तीन ते पाचचा भाग काढून दिला, त्यात माझं उघडं दार दिसतंय, मशीनवर मी दिसतेय, आणि कुरिअरचा कुणीही येत नाहीये. ते बघताना मला रडू आलं. इतके दिवस मी खोटी ठरत होते, आणि खरं काय ते समोरच्या खांबावर होतं. मेसेज आल्या आल्या असं चित्रण मागून घ्या, काही दिवसांनी ते पुसलं जातं.

पोच दुसऱ्याच दिवशी आली. सहाव्या दिवशी नवा मुलगा आला, खोक्याचे फोटो काढले, टेप मारली, चार मिनिटांत गेला. ना लेटर, ना शिक्का, ना एनओसी. पाच दिवसांनी पैसे जमा.

या सगळ्यात पोरीची पुण्याची स्पर्धा दहा दिवसांवर आली होती आणि भाता नव्हताच. शेवटी मीच शिवला. आधीच का नाही शिवला, असं वाटत राहतं, कारण यात मला न येणारं काहीच नव्हतं.

स्कूलबॅगचं जाड मॅटी कापड, रंग निळा. युनिफॉर्मला मी १४ नंबरची सुई लावते, इथे १८ ची लावली. आत बाण एकमेकांना घासू नयेत म्हणून वायरिंगचे तीन पाइप, प्रत्येकी १६ इंच, कडा काचपेपरनं घासून. बाण २७ इंचांचा, म्हणजे ११ इंच बाहेर राहतो आणि पिसं पाइपात अडकत नाहीत. पिसं आत गेली की चुरगळतात, हे सरांनी बजावलं होतं. पहिल्याच आठवड्यात टोकांनी बुडाचं कापड खाल्लं. मग चांभाराकडून चपलेच्या तळाच्या रबराचा तुकडा आणला आणि बुडाला आतून बसवला.

डावखुरीचं गणित असं. ती धनुष्य उजव्या हातात धरते, दोरी डाव्या हातानं ओढते, म्हणून भाता डाव्या कमरेला. ज्या हातानं ओढायचं त्या बाजूला, एवढं लक्षात ठेवा. तोंड पुढे झुकलेलं, बूड मागे. असं असलं की मान न वळवता बाण हाताला येतो. झाडाझुडपांतून चालत मारायचे प्रकार असतात, त्यात तोंड मागे झुकलेलं बरं म्हणतात, पण मैदानावर पुढेच सोयीचं. दीड इंची पट्टी, दोन ठिकाणी धरलेली. एकाच ठिकाणी धरली तर चालताना भाता पायावर आपटतो. स्पर्धेत पात्रता फेरीलाच ७२ बाण मारायचे, दर काही बाणांनंतर लक्ष्यापर्यंत चालत जाऊन काढून आणायचे. इतक्या चालण्यात आपटणारा भाता मांडी काळीनिळी करतो.

बाजूला टॅब आणि पेनासाठी खिसा, आणि कडीला आपल्या सोलापुरी टॉवेलचा वीतभर तुकडा. बाण मातीतून काढला की पुसायला. बाण पुसायचे दुकानातले तयार गोंडे मी पाहिलेत, पण पाणी आणि माती टिपायला टॉवेलच्या कापडासारखं काही नाही. पुसतानाच बाण हलका वाकवून बघायची सवय लावा. कार्बनला चीर असेल तर करकर आवाज येतो किंवा बोटाला कड लागते. तो बाण मारायचा नाही, मारताना तुटला तर हातात घुसतो.

प्रवासात मात्र भाता कमरेला नको, आणि बाण भात्यात नकोत. आम्ही पीव्हीसीच्या जाड पाइपात बाण ठेवले, तळाशी फोम, टोकं खाली, दोन्हीकडे झाकणं. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेलो. स्टेशनवर विचारलं तर दाखवायला सरांचं तेच शिक्का मारलेलं लेटर बरोबर होतं. कुणी विचारलं नाही, पण आता ते त्या पाइपातच गुंडाळून ठेवलेलं असतं. विमानानं जाणाऱ्यांनी धनुष्यबाण केबिनच्या बॅगेत ठेवू नयेत, चेक-इनच्या सामानातच टाकावे लागतात.

पुण्याहून आल्यावर मैदानावरच्या दोन आयांनी भाता मागितला. एक मुलगी उजव्या हातानं ओढणारी आहे, तिच्यासाठी कटिंगचा कागद उलटा ठेवून कापलाय. कालच शिवायला घेतला, पट्टी तेवढी लावायची राहिलीय.